पडद्यावरचा वीर

पडद्यावर तो चेहरा उमटला आणि तिसऱ्या रांगेतली एक म्हातारी बाई उठून उभी राहिली. वेंकोजीला ती लगेच दिसली नाही. त्याची पाठ लोकांकडे होती. हातातल्या लांब काठीचं टोक चेहऱ्याभोवतीच्या अक्षरांवरून फिरवत तो इंग्रजीत सांगत होता, की हा रोमचा बादशहा टायबेरियस. डोक्यावर पानांची माळ आहे ती विजयाची. भोवती त्याचं नाव आहे आणि त्याच्या बापाचं, ज्याला मेल्यावर देव ठरवण्यात आलं. नाणं चांदीचं, बोटाच्या पेराएवढं. भिंतीवर मात्र ते घोड्याच्या जटक्याच्या चाकाहून मोठं झालं होतं, आणि बादशहाच्या गालावरची आडवी खाच एखाद्या ओढ्यासारखी दिसत होती. ही खाच, तो सांगत होता, आपल्याकडच्या कुणा व्यापाऱ्यानं छिन्नीनं पाडलेली. आत खरी चांदी आहे की नुसता मुलामा, हे बघायला. तेवढ्यात मागं खुर्ची सरकली. कुजबुज झाली, मग कुणीतरी हसलं. त्यानं वळून पाहिलं तर प्रोजेक्टरच्या झोतात त्याची आत्या उभी होती. भवानीबाईंनी चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या, पदर डोक्यावरून घेतला होता, हात जोडले होते, आणि त्यांच्या डोक्याची सावली बादशहाच्या हनुवटीवर पडली होती. "अय्यो, आमचे वीर की हे," त्या म्हणाल्या. मोठ्यानं नव्हे, देवळात बोलतात तसं. पण सभागृहात शांतता होती. सगळ्यांना ऐकू गेलं.

पुढचं सगळं फार थोड्या वेळात झालं, आणि तरी वेंकोजीला नंतर ते आठवताना असं वाटत राहिलं की आपल्याला पुष्कळ वेळ मिळाला होता. विद्यार्थ्यांच्या बाकांवरून हशा आला. पहिल्या रांगेतून विभागप्रमुख कृष्णमूर्तींनी मान पुढं काढून कानडीत विचारलं, "यारु अवरु?" कोण त्या? वेंकोजी म्हणाला, "गोत्तिल्ल सार." ठाऊक नाही, सर. शब्द तोंडातून सुटले तेव्हा ते त्याला अगदी नेहमीचे वाटले. बस कधी येणार हे सांगावं तसे. कृष्णमूर्तींच्या शेजारी पुण्याचे पाहुणे बसले होते, प्राध्यापक आगटे, जुन्या नाण्यांतले नावाजलेले जाणकार. ते मराठीत म्हणाले, "बाई मराठी बोलल्या की हो. तुमच्या ओळखीच्या?" इथं पुन्हा एकदा संधी होती, आणि ती आपल्या भाषेत आली होती. "नाही," वेंकोजी म्हणाला. "म्हैसुरात जुनी मराठी माणसं पुष्कळ आहेत. असतील कुणी." मग तो सभेकडे वळला आणि हसऱ्या आवाजात इंग्रजीत म्हणाला, की अशा गोल, झिजलेल्या चेहऱ्यात ज्याला जे हवं ते दिसतं. पुन्हा हशा झाला, पण आता तो सभ्य होता. शिपाई भवानीबाईंच्या जवळ गेला. त्यांनी एकदा वेंकोजीकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिथं फक्त घाई होती, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चुकून शिरलेल्या माणसाची असते तशी. "चुकलं, चुकलं," त्या म्हणाल्या, वाकून चपला उचलल्या, आणि त्या पायांत न घालता हातात धरूनच दाराकडे गेल्या. वेंकोजीनं काठी आपटली. पुढची स्लाइड आली.

व्याख्यान संपल्यावर चहा होता. आगटे खुशीत होते. "इकडचे असून तुमचं मराठी फार स्वच्छ आहे हो," त्यांनी मागेही एकदा म्हटलं होतं, तेच पुन्हा म्हटलं, आणि वेंकोजीला तेव्हासारखा आनंद झाला नाही. ते स्वच्छ मराठी त्यानं पुस्तकांतून आणि पुण्याच्या रेडिओवरून मिळवलं होतं. घरात बोलायचं वेगळं, बाहेर घालायचं हे. आगटे म्हणाले, "तुमचं ते खाच असलेलं नाणं. अशी नाणी दक्षिणेत सापडतात, पण हे इतकं गुळगुळीत कसं झालंय? फिरून झिजलेलं वाटत नाही. कुणीतरी रोज घासल्यासारखं. आणि अक्षरांच्या खोलगट भागात लालसर काही दिसलं मला." वेंकोजी म्हणाला, "माती आहे सर, तिथली. कडकोळच्या बाजूला एका शेतात सापडलं." हे वाक्य त्यानं महिन्यापूर्वीच तयार करून ठेवलं होतं. "आहे कुठं ते?" "सध्या माझ्याकडेच आहे." "मग उद्या सकाळी तुमच्या घरीच येतो. दुपारची गाडी आहे माझी." आगट्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पुण्याला नोकरीची एक जागा होणार होती, आगट्यांच्या हाताखालची. कृष्णमूर्तींनी तसं सुचवलं होतं. तो हात खांद्यावर होता तोवर वेंकोजी बशीतल्या बिस्किटाकडे बघत राहिला.

तो चालतच निघाला. बाजाराच्या रस्त्याला संध्याकाळची गर्दी होती, मोगऱ्याच्या माळा आणि पिकलेल्या केळ्यांचा वास एकत्र येत होता, आणि देवराज मोहल्ल्यातल्या चांदीवाल्यांच्या दुकानांत दिवे लागत होते. एरवी तो त्या काचांपुढं रेंगाळायचा. आज त्याला कुठलीही चकचकीत वस्तू नको होती. आत्या कशा घरी गेल्या असतील? जटका केला असेल? चपला कुठं घातल्या असतील, दारात की फाटकाबाहेर? हा प्रश्न त्याच्या डोक्यातून जाईना. त्यानं घरी सांगितलं होतं की सभेला कॉलेजच्या माणसांनाच सोडतात. खोटं होतं. नोटीस बोर्डावर 'सर्वांना आमंत्रण' असं तीन भाषांत लिहिलं होतं. वनजानं, त्याच्या बायकोनं, ते वाचलं असणार. तिनंच आत्यांचं ठेवणीतलं नऊवारी बाहेर काढलं असेल. आमचा वेंकू भाषण करतोय म्हणून आत्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून निघाल्या असतील. इंग्रजीतलं एक अक्षर त्यांना कळलं नसणार. तरी तासभर त्या ताठ बसून ऐकत असतील, त्याचा आवाज बरा लागलाय ना, एवढंच. आणि मग भिंतीवर त्यांना ओळखीचं काही दिसलं. सबंध व्याख्यानात त्यांना कळलेली ती एकच गोष्ट होती. आणि त्या चुकल्या नव्हत्या.

ते नाणं त्यांच्याच देव्हाऱ्यातलं होतं. जुन्या म्हैसूरच्या फौजेत आलेल्या मराठ्यांच्या घरांतून असतात तसे त्यांच्याही देव्हाऱ्यात टाक होते, चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेले देव: घोड्यावरचा खंडोबा, अंबाबाई, भैरव. आणि त्यांच्या डावीकडे, निराळ्या पाटावर, वीर. घरातला लढाईत पडलेला पुरुष. हा रणोजीराव, कितव्या पिढीतला ते कुणालाच नीट सांगता येत नसे. श्रीरंगपट्टणच्या बाजूला कुठंतरी पडला. बायको त्याला शोधायला रणात गेली, देह सापडला नाही, चिखलात हे सापडलं. चेहरा पुरुषाचा, डोक्याला पानांची माळ, आणि गालावर घाव. तलवारीचा. दुसरं कोण असणार? ती ते पदरात बांधून घरी घेऊन आली. नाण्याच्या पाठीला एक बाई आहे, खुर्चीवर बसलेली, एका हातात काठी, दुसऱ्या हातात डहाळी. व्याख्यानात वेंकोजी म्हणाला होता, ही शांतीची देवता. काहींच्या मते बादशहाची आई. लहानपणी, आई गेल्यावर आत्यांच्या मांडीवर बसून त्यानं ऐकलं होतं ते असं, की ही आपली पणजी, रणोजीरावांची बायको. हातात तुळस घेऊन बसलीय, येणार म्हणून वाट बघतीय. "आणि उठत नाही कधी?" त्यानं विचारलं होतं. "कशी उठेल? उठली आणि ते आले तर?" आत्या म्हणाल्या होत्या. त्या स्वतः न्हाण येण्याआधी विधवा होऊन भावाच्या घरी परत आलेल्या. नवऱ्याचा चेहरा त्यांना आठवत नसे. वीरांचा आठवे. रोज सकाळी आत्या वीरांना दुधापाण्यानं धूत, गंध लावत, घावावर कुंकवाचं बोट टेकवत, आणि मग एका ठरलेल्या पद्धतीनं ठेवत: तोंड अंबाबाईकडे. मग बोलत बसत. भाजी महाग झाल्याचं, वेंकूला ताप आल्याचं, वेंकू पास झाल्याचं.

एम.ए.च्या वर्षी ग्रंथालयात एका जाड पुस्तकाचं पान उलटताना त्याला वीर दिसले. छापलेले, ओळीनं, एकाशेजारी एक. तोच जाड मानेचा, सरळ नाकाचा माणूस. त्याखाली त्याचं नाव, त्याची सालं. वेंकोजी बराच वेळ बोट त्या पानावर ठेवून बसला होता. त्याला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी त्याचे कान तापले, जणू कुणी त्याच्या घराचं दार उघडून आत वाळत घातलेले कपडे सगळ्यांना दाखवले होते. पिढ्यान्‌पिढ्या आपण एका परक्या, क्रूर म्हणून गाजलेल्या बादशहाला आजोबा म्हणून दही-भात दाखवतोय. ही गोष्ट कुणाला कळता कामा नये. आणि त्याच क्षणी त्याला हेही ठाऊक होतं, की आता आपण याच विषयात शिरणार. तसंच झालं. रोमची चांदी हा त्याचा विषय झाला. कुठल्या राजाच्या काळी चांदी चोख होती, कुठल्या राजानं त्यात तांबं मिसळायला सुरुवात केली, पुढंपुढं तर तांब्यालाच वरून चांदीचं पाणी दिलं आणि चेहरे मात्र अधिकाधिक भव्य काढले, हे तो वर्गात फार रंगवून सांगे. आज चांदीवाल्यांच्या गल्लीतून जाताना त्याला वाटलं, तेव्हाचा कुणी व्यापारी छिन्नी घेऊन समोर आला तर आपल्या गालावर कुठं खाच पाडील आणि आत त्याला काय दिसेल.

पण याहूनही खाली एक गोष्ट होती, आणि तिच्यापाशी त्याचं मन जाऊन परत फिरत होतं, दाराशी आलेलं कुत्रं हाड म्हटल्यावर थोडं मागं सरतं आणि पुन्हा येतं तसं. आत्या नंजनगूडच्या रथाला गेल्या होत्या, शेजारणींबरोबर, तिथल्या धर्मशाळेत, छत्रात, मुक्काम करून यायच्या बेतानं. वनजा माहेरी होती. त्यानं देव्हाऱ्यातून वीर उचलले, रुमालात गुंडाळले आणि एका फोटोवाल्याकडे नेले. फोटोवाला म्हणाला, आज उजेड बरा नाही, ठेवून जा. तो ठेवून आला. आणि आत्या बेतापेक्षा आधीच परतल्या. कुणाला तरी उन्हाची भोवळ आली होती. दारातून त्यांचा आवाज आला तेव्हा वेंकोजीनं टेबलाच्या खणातली दोन आण्यांची जुनी चांदीची चवली काढली, इंग्रज राजाच्या मुकुटाची, तिच्यावर भरपूर गंध थापलं, वर फूल ठेवलं, आणि ती वीरांच्या पाटावर ठेवून दिली. आत्यांना तेव्हा नुकतंच कमी दिसायला लागलं होतं. चालून जाईल असं त्याला वाटलं. एक गोष्ट त्याच्या, नाण्यांच्या अभ्यासकाच्या, ध्यानात आली नव्हती. रोमच्या बादशहाचं तोंड उजवीकडे असतं. चवलीवरच्या राजाचं डावीकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेनंतर आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. चेहरा उतरलेला. "वेंकू, वीर माझ्याकडं पाठ करून बसलेत रे," त्या म्हणाल्या. "तोंड भिंतीकडं. अंबाबाईकडं बघेनात. मी तिकडं रथ बघत हिंडले, इथं त्यांना पाणी नाही, काही नाही. रुसलेत." त्यांनी उपास धरला. पाण्याशिवाय काही घेतलं नाही. तो त्यांना जेवा म्हणाला. दोनदा म्हणाला. फोटो मिळून नाणं जागेवर परत ठेवेपर्यंत त्या भिंतीला टेकून बसून होत्या, ओठ कोरडे पडलेले, आणि मग एका सकाळी पूजेतून त्यांचा आवाज आला, "वळले. वेंकू, वळले बघ." त्यांनी त्याला ओढत नेऊन दाखवलं. रडत होत्या. त्याला नमस्कार करायला लावला. त्यानं केला.

हे आठवताना तो एका बंद दुकानाच्या पायरीशी थांबला होता आणि त्याच्या तोंडातून काहीतरी आवाज निघाला असावा, कारण शेजारून जाणाऱ्या माणसानं वळून पाहिलं. वेंकोजी खोकल्यासारखं करून पुढं चालू लागला.

वनजानं दार उघडलं. ती नुसती बाजूला झाली. तेवढ्यावरून त्याला कळलं की तिला कळलंय. भवानीबाई स्वयंपाकघरात अवरेच्या, पावट्याच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. नऊवारी बदलून झालं होतं.

"आलास? बस. कापी करायला सांगू?"

"नको."

"वेंकू, चुकलं रे माझं आज." त्या मान वर न करता बोलत होत्या, बोटं शेंगांवर चालू होती. "मला आपले वीर दिसले. घाव दिसला ना, म्हणून. मग घरी आल्या आल्या बघितलं, तर ते इथंच, पाटावर. एका वेळी दोन जागी कुठं असतात कुणी? म्हाताऱ्या डोळ्यांचं काही खरं नाही बघ. सुम्मने, उगाच उठले, तुझी मान खाली घातली."

"तसं काही नाही, आत्याबाई."

"तू ओळख दिली नाहीस ते बरं केलंस. नाहीतर म्हणाले असते, एवढा शिकलेला माणूस आणि घरात असली माणसं." वेंकोजीनं त्या आवाजात टोमणा शोधला. मिळाला असता तर त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला असता. पण त्या खरंच तसं म्हणत होत्या. त्याची बाजू त्यांनी घरी पोचेपर्यंतच लावून टाकली होती, घडी घालून कपाटात ठेवावं तशी. आता नुसतं गप्प बसलं तरी चालणार होतं. चूक त्यांची ठरली होती, आणि त्यांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. फक्त सकाळी आगटे येणार होते.

"उद्या पुण्याचे एक पाहुणे येणार आहेत," तो म्हणाला. "त्यांना आपले वीर बघायचेत."

"आपले? त्यांना काय ठाऊक आपल्याकडं वीर आहेत म्हणून?"

वेंकोजी भिंतीवरच्या पळीकडे बघत बोलला. "पडद्यावर होते ते आपलेच. मी फोटो काढून आणला होता. तुमचं चुकलं नव्हतं."

भवानीबाईंची बोटं थांबली. "हौदा?" त्या म्हणाल्या. असं का. कानडीतला तो एवढासा शब्द त्या दिवसातून पन्नासदा वापरत, दूध नासलं तरी, कुणाकडे मूल झालं तरी. आता त्यांनी तो फार हळू वापरला. मग विचारलं, "कधी काढलास?"

"तुम्ही नंजनगूडला गेला होता तेव्हा."

त्या विचार करत होत्या हे त्याला दिसत होतं, आणि त्यांना थांबवणं शक्य नव्हतं. एकेका दाण्यासारखं ते त्यांच्या हाती येत होतं. "मी आले तेव्हा होते की इथं. पूजा केली मी." मग त्या थांबल्या. "तोंड फिरवून होते."

"ते नव्हते," तो म्हणाला. "चवली होती."

"चवली."

"हो."

"मी उपास धरले होते रे," भवानीबाई म्हणाल्या. तो विसरला असेल म्हणून आठवण करून द्यावी, तशा. दारात वनजा उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला. वेंकोजी वाट बघत राहिला. त्यांनी ओरडावं, रडावं, शेंगांनी भरलेलं सूप फेकून द्यावं. त्यांनी आणखी एक शेंग उचलली, सोलली, दाणे परातीत टाकले. मग विचारलं, "ते पाहुणे किती वाजता येणार? तोवर मला पूजा उरकायला पाहिजे."

आगटे सकाळी आले. गल्लीच्या तोंडाशी जटका सोडून, घर विचारत, ठेंगण्या दारातून वाकून आत शिरले. माणूस भला होता. देव्हारा बघताच त्यांच्या काय लक्षात यायचं ते आलं असावं, कारण त्यांनी शेताचा विषय काढला नाही. भवानीबाई म्हणाल्या, "हात धुऊन घ्या, मग घ्या हातात," तसे ते निमूट मोरीवर गेले, हात धुतले, धोतराला पुसले आणि देव्हाऱ्यापुढं मांडी घालून बसले. ओल्या वीरांना तळव्यावर घेऊन त्यांनी भिंग लावलं. चेहरा पाहिला, घाव पाहिला, उलटं करून बसलेली बाई पाहिली. अक्षरांतलं ताजं कुंकू त्यांच्या बोटाला लागलं. त्यांनी ते बोट बघितलं, वेंकोजीकडे बघितलं नाही, आणि नाणं जसं होतं तसं, त्याच अंगानं, पाटावर ठेवलं. वनजानं कॉफीचे पेले आणून दिले. आगट्यांनी पेला हातात घेतला आणि मग, सहज, काही चांगलं बोलावं म्हणून ते म्हणाले, "बाई, काल सभेत उठून उभ्या राहिल्या त्या तुम्हीच ना? मला तेव्हाच वाटलं होतं, असं कुणी उगाच नाही ओळखत."

"मी? नाही हो," भवानीबाई म्हणाल्या. "मी कुठली सभेला जाते? मी घरीच होते काल. दुसरं कोण असेल."

त्यांचा आवाज साधा होता. पदर नीट होता. हात मांडीवर एकावर एक. वेंकोजीनं त्यांना आजवर खोटं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि त्या इतकं नीट बोलतील असं त्याला वाटलं नसतं. काल 'ठाऊक नाही' म्हणताना आपला आवाजही असाच आला होता, हे त्याला आठवलं. पण तो स्वतःसाठी होता. हे वाक्य त्याच्यासाठी तयार केलेलं होतं. रात्री जेवताना, अंथरूण घालताना, सकाळी वीरांना धुताना त्या ते मनात घोळवत असतील. त्यानं काल सभेत जे म्हटलं होतं ते खरं ठरावं म्हणून त्या स्वतःला तिथून पुसून टाकत होत्या. आगटे त्याच्याकडे बघत होते. गप्प राहिलं तर त्यानं त्यांना पुन्हा नाकारलं असं होणार होतं. बोललं तर त्या परक्या माणसापुढं खोट्या ठरणार होत्या. छातीत काहीतरी धातूसारखं बसलं होतं आणि ते बाहेर काढल्याशिवाय श्वास घेता येणार नाही असं त्याला वाटलं.

"त्याच होत्या," तो म्हणाला. "माझ्या आत्या. यांनीच मला वाढवलं. काल मी ओळखत नाही म्हणालो."

आगट्यांनी भिंग खिशात ठेवलं, पुन्हा काढलं, पुसलं, पुन्हा ठेवलं. "असं होतं कधीकधी," ते अखेर पुटपुटले, आणि कापी अर्धी ठेवून उठले. गाडीची वेळ होत होती. भवानीबाईंनी नमस्कार केला तो खाली बघून. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. काल भर सभेत लोक हसले तेव्हा तो असा झाला नव्हता. वेंकोजी आगट्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवून आला. पुण्याच्या जागेबद्दल दोघांपैकी कुणी काही काढलं नाही. जटक्यात चढताना आगटे म्हणाले, "नाण्याबद्दल लिहा. पण घरातलं आहे असं लिहा." वेंकोजीनं मान हलवली. आपण लिहिणार नाही, हे त्याला तेव्हाच कळलं होतं.

तो परत आला तेव्हा भवानीबाई पेले गोळा करत होत्या.

"आत्याबाई," तो म्हणाला.

"हलकं वाटलं तुला?"

त्यांनी विचारलं ते रागानं नव्हे. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. वेंकोजीनं आपल्या छातीत शोधून पाहिलं. "नाही," तो म्हणाला.

"मग मला खोटी पाडून काय मिळालं रे?"

तो पुढं झाला आणि त्यांच्या हातातले पेले घेतले. ते घेऊन मोरीवर गेला, उकिडवा बसला, नारळाची शेंडी राखेत बुडवली आणि घासू लागला. पुरुषानं, त्यातून मास्तरकी करणाऱ्या वेंकूनं भांडी घासायला बसणं त्यांनी या घरात कधी चालू दिलं नव्हतं. तो बसलाच तर त्या धावत येत, "बिडु, ठेव ते" म्हणत हातातून ओढून घेत. आगट्यांच्या पेल्यातली उरलेली कापी मोरीतून वाहत गेली. तो हात सावकाश चालवत राहिला आणि मागं त्यांच्या पावलांचा कानोसा घेत राहिला. त्या दाराशी आल्या. थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग 'बिडु' न म्हणताच आत गेल्या, आणि त्यानं दुसरा पेला घासायला घेतला.